मालिकेत काम पाहिजे? क्राउड, छोटे रोल आणि ऑडिशन, सगळं नीट समजून घ्या

"मला ॲक्टिंगची खूप आवड आहे, कोणाला भेटू, कुठे भेटू" असे मेसेज सारखे येतात आणि प्रत्येकाला सविस्तर उत्तर देणं खरंच जमत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मी मराठी मालिकांच्या डायरेक्शन टीममध्ये असिस्टंट आहे. कास्टिंग डायरेक्टर नाही, पण उद्याच्या सीनला डॉक्टर कोण, वकील कोण, लग्नात पाहुणे किती ही शोधाशोध आमच्याही गळ्यात असते, त्यामुळे फोन कोणाला जातो आणि कोणाला जात नाही हे रोज बघतोय.

सगळ्यात आधी मालिका चालते कशी ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मालिका आठवड्यातून सहा नाहीतर सातही दिवस लागते, जाहिराती सोडल्या तर एपिसोड साधारण २०-२२ मिनिटांचा, म्हणजे रोज जवळजवळ एक एपिसोड शूट होऊन बाहेर पडलाच पाहिजे. शूट होऊन तयार असलेल्या एपिसोडना आम्ही बँक म्हणतो आणि ही बँक बऱ्याचदा थोड्याच दिवसांची असते. त्यात टीआरपी आला की गोष्टीचा ट्रॅक बदलतो, रात्री नवीन सीन येतो आणि त्या सीनमध्ये एक इन्स्पेक्टर असतो जो काल दुपारपर्यंत गोष्टीत कुठेच नव्हता. सकाळी कॉल टाइमला, म्हणजे सेटवर हजर व्हायच्या वेळेला, तो इन्स्पेक्टर वर्दी घालून उभा पाहिजे. अशा वेळी आख्ख्या महाराष्ट्रातला सगळ्यात चांगला नट शोधत कोणी बसत नाही, ज्याचा व्हिडिओ लगेच पुढे पाठवता येतो, जो फोन उचलतो आणि जो वेळेत पोचतो त्याला काम मिळतं. छोट्या रोलसाठी टॅलेंट लागतंच, पण पटकन सापडणं त्याच्याइतकंच महत्त्वाचं आहे आणि ते पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

आता काम किती प्रकारचं असतं ते बघू. पहिलं म्हणजे क्राउड, म्हणजेच ज्युनियर आर्टिस्ट. लग्नातले पाहुणे, हॉस्पिटलमध्ये मागून जाणारी नर्स, ऑफिसमधला स्टाफ, ग्रामसभेतले गावकरी. यांना डायलॉग नसतो आणि ही माणसं कोऑर्डिनेटर, म्हणजे सेटला माणसं पुरवणारा, आणतो, प्रॉडक्शन त्याला फक्त "१५ लेडीज, १० जेंट्स, लग्नाचा लुक" एवढंच सांगतं. दुसरं म्हणजे छोटं कॅरेक्टर, एक दिवस ते चार-पाच दिवसांचं, दोन-चार वाक्यं असलेलं, डॉक्टर, वकील, भटजी, शेजारीण, घरमालक, मुलगी बघायला आलेली मंडळी. इथे ऑडिशनचा व्हिडिओ मागतात. मग येणारं-जाणारं कॅरेक्टर, नायिकेची मैत्रीण, ऑफिसमधला बॉस वगैरे, जे महिन्यातून काही दिवस बोलावतात. आणि शेवटी मेन कास्ट, ज्यासाठी ऑडिशनच्या बऱ्याच फेऱ्या, लुक टेस्ट (कॅरेक्टरच्या वेषात कसे दिसता ते बघणं), मॉक शूट (नमुन्याचं शूट) होतं आणि चॅनेलनी हो म्हटल्याशिवाय काही लॉक होत नाही.

इथे एक गोष्ट लोकांना कोणी सांगत नाही ती सांगतो. क्राउड करत करत वर जाता येईल असं बऱ्याच जणांना वाटतं, पण एकाच मालिकेत तसं होणं अवघड असतं कारण चेहरा एस्टॅब्लिश होतो. कोर्टाच्या सीनमध्ये पहिल्या बाकावर तुम्ही दिसलात तर पुढच्या आठवड्यात त्याच मालिकेत तुम्हाला डॉक्टर म्हणून उभं करता येत नाही, प्रेक्षक ओळखतात, आणि मराठी मालिकांचे प्रेक्षक तर फारच बारीक बघतात. शिवाय कोऑर्डिनेटरच्या यादीत तुमच्या नावापुढे एकदा "क्राउड" लिहिलं गेलं की कॅरेक्टरच्या वेळी तुमचं नाव पटकन पुढे येत नाही. म्हणजे क्राउड करूच नका असं अजिबात नाही! सेट कसा चालतो, कॅमेरा कुठे असतो, लाईट लावायला किती वेळ जातो, मोठे नट सीनच्या आधी काय करतात हे बघायला यापेक्षा चांगली जागा नाही आणि वर पैसेही मिळतात. पण ॲक्टर व्हायचं असेल तर काही दिवस करा, शिका, आणि मग कॅरेक्टरसाठीच पाठवत राहा. ज्यांना फक्त हौस आहे किंवा रिटायर झालोय, वेळ आहे, चार पैसे मिळाले तर बरं असं आहे त्यांनी मात्र बिनधास्त क्राउड करावं, त्यात कमीपणा काहीच नाही, मागे माणसं नसतील तर लग्नाचा सीन लग्नासारखा दिसतच नाही.

आता तयारी. पहिल्या दिवशीच पोर्टफोलिओवर भरमसाट पैसे घालू नका, मालिकेच्या छोट्या रोलसाठी त्याची खरंच गरज नसते. मोबाईलवर काढलेले चार-पाच साधे फोटो हवेत, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, मागे साधी भिंत, फिल्टर नाही, ब्युटी मोड बंद. एक चेहऱ्याचा, एक कमरेपर्यंत, एक पूर्ण उभा, एक डाव्या बाजूने, एक उजव्या. बायकांनी एक साडीतला आणि एक पंजाबी ड्रेस किंवा जीन्समधला, पुरुषांनी जमलं तर एक दाढीसकट आणि एक बिनदाढीचा. हसरा एक तरी असू दे, सगळे फोटो गंभीर चेहऱ्याचे पाठवणारे खूप आहेत.

मग इंट्रो व्हिडिओ. हा एक मिनिटाच्या आत संपवा. नाव, वय, उंची, सध्या राहायला कुठे, कुठली भाषा आणि बोली येते, आधी काय काम केलंय, मग डावा प्रोफाईल, उजवा प्रोफाईल, परत समोर, संपलं. गाणं लावू नका, स्लो मोशन नको, "लहानपणापासूनच मला आरशासमोर उभं राहून..." हे तर नकोच, व्हिडिओ बघणाऱ्यासमोर त्या दिवशी शंभर व्हिडिओ असतात. बोलीचं मात्र आवर्जून सांगा. मालवणी, कोल्हापुरी, वऱ्हाडी, अहिराणी, आगरी यातलं काहीही घरात बोलत असाल तर ती तुमची मोठी जमेची बाजू आहे कारण ओढूनताणून आणलेली बोली लगेच कळते. तसंच बुलेट चालवता येते, पोहता येतं, लावणी येते, कीर्तन येतं, पेटी वाजवता येते, चुलीवर भाकरी थापता येते, असं जे खरंच येत असेल ते सांगा. येत नसेल तर खोटं नका सांगू, सेटवर घोड्यावर बसवल्यावर सगळं उघडं पडतं आणि शूट थांबतं.

एक बारीकशी गोष्ट जिच्यामुळे भरपूर जणांचं काम जातं. व्हिडिओ ड्राईव्हवर टाकून लिंक पाठवतात आणि लिंक उघडली की परवानगी मागते. रात्री साडेदहाला त्या परवानगीची वाट बघत कोणी थांबत नाही, पुढची लिंक उघडली जाते. लिंक पाठवायच्या आधी ती कोणालाही उघडेल असं सेटिंग करा आणि दुसऱ्याच्या मोबाईलवरून उघडून बघा. फाईलला नाव देताना स्वतःचं नाव, वय, शहर आणि नंबर द्या, "फायनल व्हिडिओ" असं नाव असलेल्या फाईली आमच्याकडे ढिगाने पडलेल्या असतात आणि त्यातली तुमची कुठली हे शोधायला वेळ कोणालाच नसतो.

काम कळतं कुठून? बहुतेक सगळं व्हॉट्सॲप, टेलिग्राम, फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरून. मालिकेच्या शेवटी जी नावं पळतात ती थांबवून वाचा, कास्टिंग कोणी केलं, प्रॉडक्शन हाऊस कुठलं ते लिहून ठेवा आणि त्यांचे खरे अकाउंट शोधून फॉलो करा. तिथे रिक्वायरमेंट साधारण अशी येते: पुरुष, ५० ते ५५, इन्स्पेक्टर, उंची चांगली हवी, शूट उद्या, घोडबंदर रोड, फक्त मुंबई-ठाण्यातले लोकल. याखाली शेकडो जण "इंटरेस्टेड", "डिटेल्स प्लीज", "सर माझं वय २३ आहे चालेल का" असं लिहितात. त्या सगळ्या कमेंट वाया. दिलेल्या नंबरवर दिलेल्या पद्धतीने फोटो, इंट्रो आणि "उद्या पूर्ण दिवस मोकळा आहे, राहायला ठाण्यात, वर्दीचं माप अमुक" एवढं पाठवा. त्या गटात बसत नसाल तर पाठवूच नका, चुकीच्या रोलला सतत पाठवणाऱ्याचा नंबर लोक म्यूट करतात आणि मग योग्य रोलच्या वेळीही तो मेसेज दिसत नाही.

ऑडिशन आता बरीचशी घरूनच होते, एक-दोन पानांचा सीन येतो आणि तुम्ही रेकॉर्ड करून पाठवायचं. समोरच्याचे डायलॉग म्हणायला कोणालातरी मोबाईलच्या अगदी शेजारी उभं करा, तुमची नजर तिथे, लेन्समध्ये नाही. क्यू देणारा, म्हणजे समोरचे डायलॉग म्हणणारा, मोबाईलच्या जवळ असतो म्हणून त्याचाच आवाज मोठा येतो, त्याला हळू बोलायला सांगा, नाहीतर तुमच्यापेक्षा त्याचीच ऑडिशन चांगली होते. पंखा बंद, दार बंद. पाठांतर चोख हवं, कारण डोळे कागदाकडे गेलेले लगेच कळतात. आणि सीन मोठ्याने ओरडून करू नका, कॅमेरा जवळ आहे, घरातल्या माणसाशी बोलतो तेवढाच आवाज. आमच्याकडे येणाऱ्या रडण्याच्या सीनमध्ये बहुतेक जण पहिल्या वाक्यापासूनच रडायला लागतात, मग पुढे चढायला जागाच राहत नाही. रडू आवरायचा प्रयत्न करणारा माणूस जास्त खरा वाटतो, एवढं जरी केलंत तरी बाकीच्यांपेक्षा वेगळे दिसाल. पाठवल्यावर "सर काय झालं" असं रोज विचारू नका, शॉर्टलिस्ट झालात तर फोन येतोच. "होल्डवर आहात" म्हणाले तर त्याचा अर्थ अजून पक्कं नाही असा, त्या भरवशावर ऑफिसात राजीनामा देऊ नका.

अभिनय शिकायचा तर नाटक करा, यावर माझं मत फार ठाम आहे. आजच्या मालिकांमधली कितीतरी मंडळी एकांकिका करत आलेली आहेत. पुण्यात पुरुषोत्तम आणि फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या स्पर्धा, मुंबईत सवाई एकांकिका स्पर्धा, आणि महाराष्ट्रभर केंद्रं असलेली हौशी राज्य नाट्य स्पर्धा, या ठिकाणी कास्टिंग करणारी, लिहिणारी, दिग्दर्शन करणारी माणसं स्वतः येऊन बसतात. रीतसर शिकायचं असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची ॲकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. "सात दिवसात ॲक्टर आणि मालिकेत नक्की संधी" असल्या वर्कशॉपपेक्षा गावातल्या नाट्यमंडळात वर्षभर स्टेजच्या मागे-पुढे काम केलेलं कधीही चांगलं.

मुंबईबाहेरच्यांनी लगेच बॅग भरू नका. शूटिंग फक्त गोरेगावच्या फिल्मसिटीतच होतं असं नाही, मढला शूटिंगचे बंगले आहेत, ठाण्यात घोडबंदर रोडला, मीरा रोड आणि नायगावच्या बाजूला सेट लागतात, आणि सातारा, वाई, कोल्हापूर, नाशिक इकडेही मालिका होतात. कोल्हापूरला तर स्वतःची चित्रनगरी आहे. गावात सेट लागला की छोट्या रोलला लोकल माणसंच घेतात कारण मुंबईहून आणायचं म्हणजे प्रवास आला, राहणं आलं. त्यामुळे आपल्या भागात कुठली मालिका चालू आहे याची माहिती काढा, तिथला लोकल कोऑर्डिनेटर कोण ते विचारा. फिल्मसिटीच्या गेटवर जाऊन उभं राहिल्याने मात्र काही होत नाही, कुठल्या प्रॉडक्शनकडे जायचंय ते तिथे विचारतात.

आता पैसे, आणि हे कृपा करून दोनदा वाचा. काम देणारा कधीही तुमच्याकडून पैसे घेत नाही. रजिस्ट्रेशन फी, ऑडिशन फी, कॉस्च्यूम डिपॉझिट, आर्टिस्ट कार्ड, "पोर्टफोलिओ आमच्याच फोटोग्राफरकडून", "लीड फायनल झालंय फक्त ॲग्रीमेंटचे भरा", यातलं काहीही कानावर आलं की फोन ठेवा. कोऑर्डिनेटरचं कमिशन असतं, ते ठीक आहे, पण ते काम झाल्यावर तुमच्या मिळालेल्या पैशातून जातं, आधी खिशातून नाही. मोठ्या चॅनेलचं नाव आणि लोगो लावून मेसेज आला तर त्या प्रॉडक्शन हाऊसच्या ऑफिसात फोन करून खात्री करा. ऑनलाईन पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. घरातली मुलगी दागिना मोडून असल्या लोकांना पैसे देते तेव्हा ऐकून पोटात तुटतं, म्हणून एवढं सांगतोय.

मुलींनो आणि मुलांनो, ऑडिशन हॉटेलच्या खोलीत नसते, रात्री अकराला नसते. अंधेरीत आरामनगर सारख्या भागात भरपूर ऑडिशन होतात, दिवसाढवळ्या, बाहेर रांग लागलेली असते. सोबत कोणी आणलं तर कोणी हरकत घेत नाही, घेतली तर उलट्या पावली परत या. मराठी मालिकेच्या ऑडिशनला कमी कपड्यातले फोटो-व्हिडिओ लागत नाहीत, मागितले तर तो माणूस कास्टिंगचा नाहीच. सेटवर कोणी त्रास दिला तर २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याखाली तक्रार करता येते, दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत तक्रार समिती असणं बंधनकारक आहे, आणि एका दिवसासाठी आलेल्या कलाकारालाही हा कायदा लागू होतो.

काम पक्कं झालं की होकार द्यायच्या आधी विचारायचं, मेसेजवर, म्हणजे पुरावा राहतो: दिवसाचे किती, शिफ्ट किती तासांची, प्रवासाचे वेगळे की त्यातच, पेमेंट कोण देणार आणि कधी. हे विचारण्यात उद्धटपणा नाही. कॅरेक्टरचं पेमेंट टीव्हीत साधारण ९० दिवसांनी येतं, ही जुनी पद्धत आहे, म्हणून या महिन्याचं भाडं या कामावर अवलंबून ठेवू नका. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा कर, कापला जातो, त्यामुळे पॅन आणि बँक डिटेल्स बरोबर द्या आणि वर्षअखेर रिटर्न भरा, उत्पन्न कमी असेल तर कापलेले परत मिळतात. व्हाउचरवर, म्हणजे पेमेंटच्या पावतीवर, सही करताना रक्कम वाचा आणि फोटो काढून ठेवा, कोऱ्या व्हाउचरवर सही कधीच नाही.

शूटच्या दिवशी. कॉल टाइम सकाळी सातचा असेल तर पावणेसातला तिथे असा, ट्रॅफिक होतं हे कारण रोज सगळेच देतात. स्वतःचे कपडे आणायला सांगितले तर तीन-चार जोड आणा, इस्त्री केलेले. पांढराशुभ्र नको, बारीक रेघांचा शर्ट नको कारण कॅमेऱ्यात त्या रेघा थरथरतात, मोठा लोगो असलेला टी-शर्ट नको. मेकअप झाला, कपडे घातले की मोबाईलवर स्वतःचा पूर्ण फोटो काढून ठेवा. घड्याळ कुठल्या हातात, पदर कसा, पर्स कुठल्या खांद्यावर. जेवणानंतर तोच सीन पुढे चालू होतो आणि तेव्हा सगळं तसंच लागतं, त्याला कंटिन्यूटी म्हणतात, आणि ती स्वतःहून सांभाळणारा कलाकार आम्हाला फार आवडतो.

क्राउडमधलं सगळ्यात नेहमीचं काम म्हणजे पासिंग, म्हणजे मागून चालत जाणं. ऐकायला सोपं आहे, पण नीट बघा. असिस्टंट सांगतो, "काका, ॲक्शन म्हटल्यावर मनात तीन मोजा, मग त्या दारातून निघा, टेबलापाशी फाईल ठेवा आणि डावीकडे निघून जा." मास्टर शॉटला, म्हणजे आख्खा सीन लांबून घेतात तेव्हा, तुम्ही हे केलं. मग नायिकेचा क्लोज, म्हणजे चेहऱ्याचा जवळचा शॉट, मग सासूचा क्लोज, प्रत्येक वेळी पुन्हा तेच, त्याच वेगाने, त्याच हातात फाईल, त्याच वाक्याला. तुम्ही एकदा आधी निघालात तर एडिटला एका शॉटमध्ये माणूस टेबलाजवळ आणि दुसऱ्यात दारात दिसतो. लेन्सकडे बघायचं नाही. मागे गप्पा मारायच्या असतील तर फक्त ओठ हलवायचे, आवाज नाही, कारण पुढच्यांना माईक लावलेले असतात. काचेच्या भरपूर बांगड्या असतील तर हात जपून. कट म्हटल्यावर लगेच खुर्चीत जाऊन बसू नका, रीटेक असू शकतो, पहिल्या जागेवर परत या.

डायलॉग असेल तर तो जसा लिहिलाय तसाच, समोरच्याला त्याचाच क्यू असतो, म्हणजे तुमचं वाक्य संपलं की त्याने बोलायचं असतं. बदलावंसं वाटलं तर शॉटच्या आधी विचारा. आणि सेटवरचे फोटो, स्टोरी, सेल्फी टाकू नका, ट्रॅक बाहेर फुटला तर सगळ्या टीमला ऐकावं लागतं आणि तुम्हाला परत बोलावणं कठीण होतं. स्पॉटदादा, मेकअपदादा, हेअरच्या ताई यांच्याशी चांगलं वागा, ही माणसं एका सेटवरून दुसऱ्या सेटवर जात असतात आणि "आमच्याकडे एक काका आले होते, मस्त करतात" हे तीच सांगतात.

लहान मुलांना घेऊन येणाऱ्या आईबाबांसाठी थोडं वेगळं. बालकामगार कायद्याच्या नियमांप्रमाणे १४ वर्षांखालच्या मुलाकडून दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांच्या वर नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, प्रॉडक्शनला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावावर मुदत ठेवीत जायला हवेत. हे मागायचा तुम्हाला हक्क आहे, मागा. आणि पोरगं झोपेला आलेलं असताना "एकच शॉट राहिलाय" म्हणत थांबवत असतील तर आईनेच नाही म्हणायचं, तिथे दुसरं कोणी म्हणत नाही.

काम झाल्यावर ज्या असिस्टंटने बोलावलं त्याला एक साधा थँक्यूचा मेसेज करा, स्वतःचं नाव आणि त्या रोलचं नाव लिहून, नाहीतर कोण ते आठवत नाही. मग रोज गुड मॉर्निंग पाठवू नका. दोन-तीन महिन्यांनी, किंवा दाढी काढली, केस कापले, वजन कमी-जास्त झालं की नवीन फोटो पाठवा, कारण जुन्या फोटोवर पिळदार मिशीचे पाटील म्हणून बोलावलं आणि सकाळी सफाचट चेहऱ्याचा माणूस आला तर मेकअपदादाला मिशी चिकटवत बसावं लागतं आणि सीन तासभर मागे जातो.